मॅक्स थायलर

मॅक्स थायलर (३० जानेवारी १८९९ – ११ ऑगस्ट १९७२) हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले व पुढे अमेरिकेत कार्य केलेले विषाणुशास्त्रज्ञ होते. पीतज्वर (यलो फीव्हर) या रोगाच्या विषाणूवरील संशोधनासाठी आणि या रोगावरील '१७डी' ही लस सिद्ध केल्याबद्दल त्यांना १९५१चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिका खंडात जन्मलेले ते पहिले नोबेल मानकरी होत. एखाद्या विषाणुप्रतिबंधक लसीसाठी नोबेल पारितोषिक देण्याची ती पहिलीच वेळ होती.

थायलर यांचे नाव मुख्यतः या लसीमुळे ओळखले जाते. तथापि लसीच्या आधी त्यांनी पांढऱ्या उंदरांचा उपयोग करून रक्तातील पीतज्वरविरोधी प्रतिपिंड ओळखण्याची पद्धत शोधली होती. एखाद्या व्यक्तीला हा रोग पूर्वी होऊन गेला आहे की नाही आणि टोचलेली लस तिच्या शरीरात लागू पडली आहे की नाही, हे दोन्ही प्रश्न या पद्धतीने सुटू लागले.

== जन्म, कुटुंब व शिक्षण ==

थायलर यांचा जन्म प्रिटोरिया येथे झाला. त्यांचे वडील सर आर्नोल्ड थायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्य म्हणून आलेल्या आर्नोल्ड यांनी गुरांच्या व घोड्यांच्या साथीच्या रोगांवर मोठे संशोधन केले आणि प्रिटोरियाजवळील ऑन्डरस्टपोर्ट येथे १९०८ मध्ये पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभारली. आई एमा यांचे माहेरचे आडनाव येगे. चार भावंडांपैकी मॅक्स यांच्या भगिनी गेरट्रूड या गोचिडांच्या अभ्यासक म्हणून प्रसिद्ध होत्या. रोग, जंतू आणि प्रयोग यांची ओळख मॅक्स यांना अशी घरातच झाली.

प्रिटोरियातील शालेय शिक्षणानंतर ते ग्रेहॅम्सटाउन येथील ऱ्होड्स विद्यापीठ महाविद्यालयात व नंतर केप टाउन विद्यापीठात शिकले. पहिले महायुद्ध संपल्यावर ते लंडनला गेले. तेथील सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२२ मध्ये वैद्यकीय व्यवसायाची अर्हता मिळवली. त्याच सुमारास त्यांनी लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. विद्यापीठाची एम.डी. पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. रुग्णसेवेपेक्षा प्रयोगशाळेकडे त्यांचा ओढा होता.

== हार्वर्डमधील वर्षे ==

१९२२ मध्ये थायलर बॉस्टन येथील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथे प्रारंभी त्यांनी अमीबाजन्य आमांश व मूषकदंश ज्वर यांवर काम केले. १९२६-२७ मध्ये लायबेरिया व बेल्जियन काँगो येथे गेलेल्या हार्वर्डच्या संशोधन मोहिमेत त्यांचा सहभाग होता. १९२८ मध्ये त्यांचा विवाह लिलियन ग्रॅहम यांच्याशी झाला. या दांपत्याला एक कन्या होती.

पीतज्वराकडे ते याच काळात वळले. या रोगाने दोन-तीन शतके अमेरिका खंडातील व पश्चिम आफ्रिकेतील बंदरांना ग्रासले होते. तीव्र ताप, कावीळ, रक्ताची उलटी आणि मूत्रपिंडे निकामी होणे ही त्याची गंभीर लक्षणे होत. त्वचा व डोळे पिवळे पडतात म्हणून त्यास पीतज्वर म्हणतात. क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये हा रोग डासांमुळे पसरतो असे मत मांडले आणि वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी लष्करी आयोगाने १९०० मध्ये हवाना येथे ते सिद्ध केले. त्या डासाचे आजचे नाव एडिस इजिप्ती. डेंग्यू पसरवणारा डासही हाच आहे.

रोगाचा वाहक सापडला तरी रोगकारकाबद्दल मतभेद होते. रॉकफेलर संस्थेतील ख्यातनाम जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांनी लेप्टोस्पायरा जातीचा एक सूक्ष्मजंतू पीतज्वराचे कारण असल्याचे १९१९ मध्ये जाहीर केले होते. थायलर व त्यांचे वरिष्ठ सहकारी अँड्रू वॉटसन सेलर्ड्स यांनी नोगुचींचा जंतू आणि वाइल रोग या वेगळ्याच काविळीचा जंतू यांची तुलना केली. एका जंतूविरुद्ध तयार झालेला रक्तरस दुसऱ्या जंतूवरही तसाच परिणाम करतो, असे त्यांना आढळले. म्हणजे नोगुचींना सापडलेला जंतू वाइल रोगाचा होता व पीतज्वराचा नव्हता.

== विषाणू हाती लागतो ==

१९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत काम करणाऱ्या रॉकफेलर प्रतिष्ठानच्या आयोगाला निर्णायक यश मिळाले. गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथील असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त एका ऱ्हीसस माकडाला टोचले असता माकडाला पीतज्वर झाला. आफ्रिकेतील माकडे या रोगाला सहसा बळी पडत नाहीत, मात्र भारतातून नेलेली ऱ्हीसस माकडे त्याने मरतात, हे त्यातून दिसले. भारतातील प्राण्यांचा या विषाणूशी पूर्वी कधी संबंध आला नव्हता, या समजाला त्यातून बळकटी मिळाली. असिबी यांच्या रक्तातून मिळालेला विषाणू आजही 'असिबी वाण' म्हणून ओळखला जातो. ते स्वतः या आजारातून बरे झाले.

या संशोधनाची किंमत मोठी होती. आयोगातील एड्रियन स्टोक्स १९ सप्टेंबर १९२७ रोजी पीतज्वराने मरण पावले. आपल्या सिद्धांताची पुन्हा परीक्षा घेण्यासाठी आफ्रिकेत गेलेले नोगुची २१ मे १९२८ रोजी आक्रा येथे याच रोगाने गेले आणि त्यांच्यासोबत काम करणारे विल्यम यंग काही दिवसांतच दगावले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना लागण होणे ही त्या काळी नित्याची भीती होती. थायलर यांनाही १९२९ मध्ये लागण झाली. सुदैवाने आजार सौम्य निघाला व त्यांना कायमची प्रतिकारक्षमता लाभली.

== उंदरांवरील प्रयोग ==

ऱ्हीसस माकडे महाग होती, ती दूरवरून आणावी लागत आणि त्यांना हाताळणे धोक्याचे होते. एका प्रयोगाला पाच-दहा माकडे लागली तरी खर्च परवडत नसे. थायलर यांनी त्याऐवजी प्रयोगशाळेतील साधे पांढरे उंदीर घेतले. विषाणू कातडीखाली टोचला तर उंदरांना फारसे काही होत नसे. मात्र तो थेट मेंदूत टोचल्यास उंदीर मेंदूच्या दाहाने मरत. यकृतावर हल्ला करणाऱ्या रोगाचा विषाणू उंदरात मज्जासंस्थेवर हल्ला करतो, हे विधान अनेकांना प्रथम पटले नाही. १९३० मध्ये थायलर यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि इतर प्रयोगशाळांनी त्यांची खातरजमा केल्यावर ते सर्वमान्य झाले.

याच प्रयोगांतून दुसरी महत्त्वाची गोष्ट पुढे आली. विषाणू एका उंदराच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत असा क्रमाने नेत गेल्यास त्याचा स्वभाव पालटत जाई. उंदरासाठी तो अधिक घातक होई, पण माकडाच्या कातडीखाली टोचल्यावर त्याच्या यकृताला पूर्वीसारखी इजा करीत नसे आणि माकडात प्रतिकारक्षमता निर्माण होई. सौम्य विषाणूची लस करता येईल, याचा हा पहिला पुरावा होता.

१९३० मध्येच थायलर हार्वर्ड सोडून न्यूयॉर्क येथील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळेत आले. विल्बर सॉयर तेथील पीतज्वर संशोधनाचे प्रमुख होते. पुढील ३४ वर्षे थायलर यांनी याच संस्थेत काम केले.

== रक्तातील प्रतिपिंडांची कसोटी ==

विषाणूची लागण झाली की शरीर त्या विशिष्ट विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. रोग बरा झाल्यावरही ते रक्तात टिकून राहतात. पीतज्वराच्या बाबतीत ते बहुधा जन्मभर टिकतात. रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर द्रवात, म्हणजे रक्तरसात (सीरम), हे प्रतिपिंड असतात. पण ते डोळ्यांना दिसत नाहीत व त्या काळी त्यांचे थेट मापन करण्याचे साधन नव्हते. त्यांचे अस्तित्व त्यांच्या परिणामावरूनच ओळखावे लागे.

थायलर यांच्या पद्धतीचे तत्त्व साधे होते. तपासावयाचा रक्तरस व पीतज्वराचा विषाणू ठरावीक प्रमाणात एकत्र करून ते मिश्रण उंदरांच्या मेंदूत टोचावयाचे. रक्तरसात प्रतिपिंड असतील तर विषाणू निष्प्रभ होऊन उंदीर जगतात. प्रतिपिंड नसतील तर काही दिवसांत उंदीर मरतात. तुलनेसाठी एका गटाला रोगातून निश्चितपणे उठलेल्या माणसाचा रक्तरस व दुसऱ्या गटाला रोग कधीही न झालेल्या माणसाचा रक्तरस दिला जाई. उंदरांचे जगणे-मरणे मोजून उत्तर मिळत असे.

सॉयर व रे लॉइड यांनी १९३१ मध्ये या कसोटीचे अधिक सोयीचे रूप तयार केले. त्यात रक्तरस व विषाणू उंदराच्या पोटात टोचत आणि त्याच वेळी मेंदूत स्टार्चचा द्रव टोचून तेथे सौम्य इजा करीत. त्यामुळे शरीरातील विषाणूला मेंदूत शिरकाव करणे सुलभ होई. ही 'मूषक संरक्षण कसोटी' म्हणून प्रसिद्ध झाली. तिला माकडे लागत नसल्याने एकाच प्रयोगशाळेत हजारो नमुने तपासणे शक्य झाले. रक्तरसाच्या छोट्या कुप्या दूरच्या देशांतून जहाजाने न्यूयॉर्कला येऊ लागल्या.

== रोगाचा नकाशा ==

या कसोटीमुळे पीतज्वराबद्दलची समजूतच बदलली. तोवर रोग आहे की नाही हे रुग्ण व मृत्यू यांवरून ठरवले जाई. सौम्य आजार साध्या तापात खपून जात आणि दुर्गम खेड्यांतील मृत्यूंची नोंद होत नसे. रक्तातील प्रतिपिंडांनी मात्र जिवंत माणसाच्या शरीरातील जुनी नोंद वाचता येऊ लागली.

तपासणीत वयाला विशेष महत्त्व होते. एखाद्या गावात प्रौढांच्या रक्तात प्रतिपिंड आहेत आणि दहा वर्षांखालील एकाही मुलात नाहीत, असे आढळले तर त्या गावात रोग येऊन किमान दहा वर्षे झाली, असा अर्थ निघे. लहान मुलांतही प्रतिपिंड सापडले तर विषाणू नुकताच तेथे वावरत होता हे उघड होई.

१९३०च्या दशकात दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया येथून गोळा केलेल्या रक्तरसांची अशी तपासणी झाली. दक्षिण अमेरिकेत किनाऱ्यावरील शहरांतून रोग हटला असे वाटत असताना आतील अरण्यप्रदेशात प्रतिपिंड असलेली माणसे मोठ्या संख्येने आढळली. १९३२ मध्ये ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यात एडिस इजिप्ती डास नसलेल्या भागात पीतज्वराची साथ आढळली होती. अरण्यातील माकडे व डास यांच्यात हा विषाणू स्वतंत्रपणे टिकून राहतो, हे हळूहळू स्पष्ट झाले. शहरातील डास मारून रोगाचे समूळ उच्चाटन होईल, ही आशा त्यामुळे सोडावी लागली आणि लसीची गरज अधोरेखित झाली.

आफ्रिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेकडे सुदान व युगांडापर्यंतच्या रुंद पट्ट्यात प्रतिपिंड सापडले. यांतील अनेक भागांत डॉक्टरांनी पीतज्वराचा एकही रुग्ण पाहिला नव्हता. १९४० मध्ये सुदानच्या नुबा पर्वतप्रदेशात मोठी साथ येऊन सुमारे १,५०० लोक मरण पावले. तेव्हा रक्ततपासणीने आधीच दिलेला इशारा खरा ठरला.

आशियातील निकालांचे भारताला विशेष महत्त्व होते. भारतात एडिस इजिप्ती डास विपुल आहे, उष्ण हवामान आहे आणि बाधित होऊ शकणारी माकडेही आहेत. तरीही येथे पीतज्वर नाही. पूर्व आफ्रिकेतून येणारी विमाने आपल्यासोबत रोग आणतील ही चिंता ब्रिटिश सरकारला होती. हवाई प्रवासासंबंधीच्या १९३३च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात पीतज्वरासाठी खास तरतुदी करण्यात आल्या. पीतज्वराच्या देशांतून भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे आजही लसीकरणाचे प्रमाणपत्र मागितले जाते, त्या प्रथेची मुळे या काळात आहेत.

== १७डी लसीची निर्मिती ==

उंदराच्या मेंदूतील विषाणूपासून पहिली लस सॉयर यांच्या गटाने १९३१ मध्ये तयार केली. तिच्यासोबत रोगातून उठलेल्या माणसांचा रक्तरस टोचावा लागे. प्रत्येक माणसासाठी लागणाऱ्या रक्तरसाचे प्रमाण मोठे असल्याने ही लस प्रयोगशाळेतील कर्मचारी व प्रवासी संशोधक यांच्यापुरतीच मर्यादित राहिली. फ्रेंच शास्त्रज्ञांनी थायलर यांच्याच उंदरांतील वाणापासून रक्तरसाविना द्यावयाची वेगळी लस केली. ती डाकार येथे तयार होऊन पश्चिम आफ्रिकेत लक्षावधी लोकांना देण्यात आली. तिने साथी आटोक्यात आल्या, मात्र मुलांमध्ये मेंदूदाहाचे प्रकार होत असल्याने तिचा वापर पुढे थांबला. तिचे उत्पादन १९८२ मध्ये बंद झाले.

मज्जासंस्थेवरील हा घातक परिणाम घालवणे हे थायलर यांचे उद्दिष्ट होते. त्यासाठी त्यांनी विषाणू जिवंत प्राण्याऐवजी काचपात्रातील ऊतकांवर वाढवण्याचे तंत्र अवलंबले. असिबी वाणाचा विषाणू त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रथम उंदराच्या गर्भाच्या ऊतकावर १८ वेळा, नंतर कोंबडीच्या संपूर्ण गर्भाच्या ऊतकावर ५८ वेळा आणि त्यापुढे मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या ऊतकावर वाढवला. मज्जाऊतकच न मिळाल्याने विषाणूची तिकडील ओढ कमी होईल, अशी त्यामागील कल्पना होती. '१७डी' हे नाव या प्रयोगमालेच्या क्रमांकावरून आले.

शेकडो उपसंवर्धनांनंतर तपासणी केली असता ८९ ते ११४ या उपसंवर्धनांच्या दरम्यान केव्हातरी विषाणू बदलल्याचे आढळले. माकडाच्या मेंदूत टोचला तरी तो क्वचितच मारक ठरे आणि कातडीखाली टोचल्यास उत्तम प्रतिकारक्षमता देई. हा बदल नेमका कशाने झाला हे थायलर यांना समजू शकले नाही. तोच प्रयोग पुन्हा केल्यावर तसा बदल झाला नाही. तेव्हा मिळालेला एकमेव वाण जपणे हाच मार्ग उरला. थायलर व ह्यू स्मिथ यांनी हे संशोधन १९३७ मध्ये प्रसिद्ध केले.

लस माणसांना टोचल्यानंतर ती लागू पडली की नाही हे कळण्यासाठी पुन्हा उंदरांची कसोटीच कामी आली. लस घेण्यापूर्वीचा व काही आठवड्यांनंतरचा रक्तरस तपासून प्रतिपिंड निर्माण झाल्याची खात्री केली जाई. माणसाला मुद्दाम रोगाच्या तोंडी न देता लसीची पारख होऊ शकली, हे या कसोटीचे मोठे फलित होय. १९३७ मध्ये स्मिथ यांनी ही लस ब्राझीलला नेली आणि १९३८ अखेरपर्यंत तेथे सुमारे दहा लाख लोकांना ती टोचण्यात आली.

== अडचणी व १९४२ची कावीळ ==

मोठ्या प्रमाणावरील वापरात दोन गंभीर दोष उघड झाले. ब्राझीलमध्ये १९४१ मध्ये लसीच्या एका उपवाणामुळे काही व्यक्तींना मेंदूदाह झाला. विषाणू वारंवार वाढवत राहिल्यास तो पुन्हा बदलतो, हे त्यामागील कारण होते. त्यानंतर एक तपासलेला मूळ बीजसाठा गोठवून ठेवावयाचा व प्रत्येक लस त्याच्यापासून ठरावीक उपसंवर्धनांतच तयार करावयाची, अशी पद्धत रूढ झाली. पुढे इतर विषाणू-लसींच्या उत्पादनातही हीच बीजसाठा पद्धत स्वीकारण्यात आली.

दुसरी दुर्घटना अधिक मोठी होती. विषाणू टिकाऊ राहावा म्हणून लसीत थोडा मानवी रक्तरस मिसळला जाई. इंग्लंडमध्ये १९३७ मध्येच लसीनंतर कावीळ झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या होत्या आणि ब्राझीलमधील उत्पादकांनी १९४० मध्ये रक्तरस वापरणे सोडून दिले होते. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत मात्र तो एप्रिल १९४२पर्यंत वापरला गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ही लस सरसकट टोचण्यात आली आणि १९४२ मध्ये सुमारे ५०,००० सैनिक काविळीने आजारी पडले. रक्तरस वगळल्यानंतर ही कावीळ थांबली.

या काविळीचे कारण निश्चित होण्यास सुमारे ४५ वर्षे लागली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या सैनिकांचे रक्त तपासण्यात आले. दूषित लस घेऊन कावीळ झालेल्यांपैकी ९७ टक्के जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बी विषाणूविरोधी प्रतिपिंड सापडले. तीच लस घेऊनही आजारी न पडलेल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के होते, तर रक्तरसविरहित लस घेतलेल्यांमध्ये केवळ १३ टक्के. त्यावरून सुमारे ३,३०,००० सैनिकांना लागण झाली असावी असा अंदाज करण्यात आला. हिपॅटायटिस बीवरही आता परिणामकारक लस उपलब्ध आहे.

== इतर संशोधन ==

उंदरांवर काम करताना थायलर यांना काही उंदीर आपोआप लुळे पडत असल्याचे आढळले. त्याचे कारण असलेला विषाणू त्यांनी वेगळा केला व १९३०च्या दशकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जाविकाराच्या अभ्यासात त्याचा आजही उपयोग होतो. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर आणि पोलिओ यांच्या विषाणूंवरही त्यांनी काम केले.

== नोबेल पारितोषिक ==

रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीनचे चामर्स पदक (१९३९) आणि लास्कर पुरस्कार (१९४९) थायलर यांना मिळाले होते. १९५१ मध्ये पीतज्वरासंबंधीचे शोध व त्याच्या प्रतिबंधाचे उपाय यांबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक एकट्याला देण्यात आले. १९४० ते १९४७ या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानने या लसीच्या २ कोटी ८० लाखांहून अधिक मात्रा तयार करून विनामूल्य वाटल्या होत्या.

== पुणे येथील संस्थेशी संबंध ==

१९५१ मध्ये थायलर न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळांचे संचालक झाले. डास, गोचीड आदी संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घेण्याचा कार्यक्रम रॉकफेलर प्रतिष्ठानने याच सुमारास हाती घेतला. त्रिनिदाद, ब्राझीलमधील बेलें आदी ठिकाणी त्यासाठी प्रयोगशाळा उघडण्यात आल्या. भारतात प्रतिष्ठान व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे झाले.

पुण्यातील केंद्राच्या आरंभीच्या कामात रक्ततपासणीलाच अग्रस्थान होते. के. सी. स्मिथबर्न, जे. ऑस्टिन केर व पी. बी. गटणे यांनी भारतातील रहिवाशांच्या रक्तरसातील विविध विषाणुविरोधी प्रतिपिंडांची पाहणी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. कोणते विषाणू देशात वावरत असावेत याचा पहिला अंदाज तिच्यातून मिळाला.

त्याच वेळी न्यूयॉर्कला होर्दी कासाल्स यांनी तांबड्या रक्तपेशींचे पुंजके होण्यास रक्तरस प्रतिबंध करतो का, हे पाहणाऱ्या कसोटीने या विषाणूंचे गट पाडले. पीतज्वर, डेंग्यू व जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू एकाच गटात आले. एका विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड त्याच्या नातेवाईक विषाणूलाही काही अंशी ओळखतात, असे त्यातून दिसले. म्हणून केवळ एका कसोटीवरून रोगाचे निदान करणे धोक्याचे असते, हा धडा प्रतिपिंड तपासणीच्या शास्त्रात कायमचा नोंदला गेला.

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली व माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. पीतज्वर भारतात आला की काय, अशी शंका प्रथम पुण्याच्या संशोधकांना आली. तपासणीअंती विषाणू वेगळाच, रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातील निघाला. त्या रोगाला क्यासनूर वन रोग असे नाव मिळाले. पुढील काळात सिंधुदुर्ग जिल्ह्यात व गोव्यातही त्याचे रुग्ण आढळले असून तेथे तो माकडताप म्हणून परिचित आहे.

== अखेरची वर्षे ==

१९६४ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानातून निवृत्त झाल्यावर थायलर न्यू हेवन येथील येल विद्यापीठात रोगपरिस्थितिविज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. १९६७ पर्यंत ते तेथे होते. ते अबोल स्वभावाचे होते. इतिहास व तत्त्वज्ञान यांचे वाचन आणि बेसबॉलचे सामने पाहणे हे त्यांचे छंद होते. ११ ऑगस्ट १९७२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले.

विल्बर डाउन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा कीटकवाहित विषाणूंवरील ग्रंथ १९७३ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, प्रकाशित झाला. चार्ल्स अँडरसन यांच्यासह केलेला एक अभ्यासही १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. डेंग्यू होऊन गेलेल्या माकडांमध्ये पीतज्वराच्या विषाणूला काही प्रमाणात प्रतिकार होतो, असे त्यात दिसून आले. डेंग्यूचा मोठा प्रादुर्भाव असलेल्या आशियात पीतज्वर का पसरला नाही, या जुन्या प्रश्नाचे हे एक संभाव्य उत्तर मानले जाते. तो प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

== महत्त्व ==

१७डी वाणापासूनची लस आजही वापरात असून तिच्या पन्नास कोटींहून अधिक मात्रा देण्यात आल्या आहेत. तिची एक मात्रा बहुतेकांना दीर्घकाळ संरक्षण देते, हे लसीकरणानंतर अनेक वर्षांनी केलेल्या प्रतिपिंड तपासण्यांतून दिसून आले. त्या आधारे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत २०१६ पासून काढून टाकण्यात आली व ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाऊ लागले.

प्रतिपिंडांच्या उदासीनीकरण कसोटीत आता उंदरांची जागा काचपात्रातील पेशींनी घेतली आहे. रक्तरस व विषाणू यांचे मिश्रण पेशींच्या थरावर सोडून विषाणूने पाडलेली छिद्रे किती कमी झाली, हे मोजले जाते. पीतज्वर, जपानी मेंदूज्वर, गोवर व पोलिओ अशा अनेक रोगांच्या लसींची परिणामकारकता याच तत्त्वावर पडताळली जाते. रक्तरस व विषाणू एकत्र आणून विषाणू निष्प्रभ होतो का हे पाहण्याची थायलर यांची १९३०ची पद्धत तिच्या गाभ्यात कायम आहे.